करून पाहिलेलं छापणारं मासिक

जानेवारी १९६९. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात २१ तारखेला डॉ. विक्रम साराभाई यांच्या हस्ते टीडीसी-१२ हा संगणक कार्यान्वित झाला. ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर हे त्याचं पूर्ण नाव. पुढे हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशननं ही मालिका बाजारात आणली. त्याच महिन्यात दिल्लीहून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ या इंग्रजी मासिकाचा पहिला अंक निघाला. संगणकाचं उद्घाटन सरकारी इतिहासात गेलं. मासिकाच्या पहिल्या अंकाची तशी दखल घेण्याचं कुणाला काही कारण नव्हतं. पण टीडीसी-१२ केव्हाच मागे पडला आणि ते मासिक पन्नाशी ओलांडूनही निघतंच आहे.

एस. पी. चोप्रा हे या मासिकाचे संस्थापक. त्यांनी मुहूर्त कसा निवडला होता, ते पाहण्यासारखं आहे. घरातली इलेक्ट्रॉनिक वस्तू म्हणजे तेव्हा रेडिओ. ठाण्याचा मर्फी, बुश, फिलिप्स, टाटांचा नेल्को ही घराघरांतली नावं. रेडिओ बाळगायचा तर पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत. टीव्ही फक्त दिल्लीत होता. मुंबईला तो २ ऑक्टोबर १९७२ ला आला आणि पुण्याला त्यानंतरच्या वर्षी. डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं देशातल्या इलेक्ट्रॉनिक्सचा आराखडा १९६६ मध्ये दिला होता, पण स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक्स खातं निघायला १९७० उजाडलं आणि आयोग नेमायला १९७१. म्हणजे सरकारचं खातं येण्याआधी या विषयाचं मासिक आलेलं होतं.

अडचण कुठे होती

वाचायला काहीच नव्हतं, असं नाही. मोठ्या शहरांतल्या ग्रंथालयांत ‘वायरलेस वर्ल्ड’ आणि ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ येत. जहाजाच्या टपालानं येत, म्हणून शिळे येत, पण येत. खरी अडचण अंक मिटल्यावर सुरू होई. त्यातलं एखादं सर्किट करून बघावं म्हटलं की यादीतला ट्रान्झिस्टर इथे मिळत नसे. आयातीवर बंधनं होती आणि परकीय चलनाची चणचण होती. एका ट्रान्झिस्टरसाठी आयात परवाना काढणारा हौशी माणूस कुठून असणार! मग त्याच्या जागी चालेल असा दुसरा कोणता, हे शोधत बसायचं. इक्विव्हॅलंट ट्रान्झिस्टरांची कोष्टकं असलेली पुस्तकं त्या काळी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर पंचांगासारखी उघडी असत.

‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’नं ही जागा ओळखली. इथल्या बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांवर चालणारं सर्किट छापायचं, आणि ते चालतं याची खात्री करून मगच छापायचं. आज हे साधं वाटतं. पण वाचकाला एकच ट्रान्झिस्टर परवडतो आणि सर्किटात चूक असली तर तो जळणार आहे, अशा परिस्थितीत ही खात्री म्हणजेच मासिकाची पत होती. पुढच्या पाच दशकांत या मासिकानं अनेक वळणं घेतली. ती सगळी या पतीच्या भांडवलावर घेतली, असं मला वाटतं.

एक पान जवळून

या मासिकाची खरी ओळख बांधणीच्या प्रकल्पांत आणि ‘सर्किट आयडियाज’ या सदरात होती. एका प्रकल्पाची रचना ठरलेली असे. आधी हे यंत्र काय करतं याचे दोन परिच्छेद. मग सर्किटची आकृती. मग चौकटीत सुट्या भागांची यादी: सेमिकंडक्टर वेगळे, रेझिस्टर वेगळे, कपॅसिटर वेगळे आणि शेवटी ‘इतर’ या नावाखाली स्विच, बॅटरी, स्पीकर. रेझिस्टरांच्या वर एक कायमची ओळ: वेगळं म्हटलं नसेल तर सगळे पाव वॉटचे, पाच टक्के फरकाचे, कार्बनचे. ही ओळ वाचकांना पाठ असे. दुकानदारासमोर तीच म्हणायची.

आणि सगळ्यांत कामाचं म्हणजे पीसीबीचा, म्हणजे सुटे भाग जोडायच्या सर्किटच्या प्लेटचा, आराखडा, ‘ॲक्चुअल साइज’. पानावर छापलेला आराखडा आणि करायची प्लेट अगदी एकाच मापाची. त्याखाली कार्बन पेपर ठेवायचा, तांब्याच्या पत्र्याची प्लेट ठेवायची आणि बॉलपेननं रेषा गिरवायच्या. उमटलेल्या रेषांवर ऑइल पेंट नाहीतर बहिणीचं नेलपॉलिश. ते सुकलं की प्लेट फेरिक क्लोराइडच्या द्रावणात. उघडं तांबं विरघळून जातं, रंगाखालचं राहतं. तपकिरी पिवळ्या द्रावणाचे डाग बादलीवरून आणि शर्टावरून कधीही जात नाहीत, याची साक्ष अनेक घरांतल्या आया देतील.

उदाहरणादाखल पाण्याच्या टाकीचा अलार्म घेऊ. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की घरात आवाज व्हावा, एवढंच त्याचं काम. नळाला पाणी ठरावीक वेळीच येणाऱ्या आपल्या शहरांत हा कायम मागणी असलेला प्रकल्प. लागतं काय, तर ५५५ क्रमांकाचा टायमर आयसी, एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, दोनचार रेझिस्टर, दोन कपॅसिटर, आठ ओहमचा स्पीकर आणि नऊ व्होल्टची बॅटरी. टाकीच्या वरच्या कडेशी दोन तारा सोडायच्या. एक बॅटरीच्या धन टोकाला, दुसरी रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरच्या बेसला. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात, म्हणून पाणी तारांना टेकलं की त्यातून अगदी नगण्य प्रवाह वाहतो. ट्रान्झिस्टरला तेवढा पुरतो. तो चालू होतो आणि ५५५ च्या चौथ्या पायाला व्होल्टेज देतो. हा पाय खाली ओढलेला असेपर्यंत आयसी गप्प असतो. व्होल्टेज मिळालं की तो कंपनं निर्माण करू लागतो. १० किलोओहम आणि ६८ किलोओहमचे रेझिस्टर आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर सेकंदाला हजाराच्या आसपास कंपनं होतात. कानाला ती खणखणीत शिटी वाटते.

कागदावर गोष्ट इथे संपते. टाकीवर मात्र आणखी एक गोष्ट घडते. तारांमधून सतत एकाच दिशेनं प्रवाह गेला की पाण्यात विद्युत अपघटन होतं, तांब्याची तार हिरवी पडून झिजत जाते आणि काही दिवसांनी अलार्म मुका होतो. उपाय म्हणजे तांब्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या सळया वापरायच्या. हे ज्ञान आकृतीत नसतं. ज्यानं टाकीवर चढून ते यंत्र बसवलंय त्यालाच ते कळतं. म्हणून मासिकाची स्वतःची प्रयोगशाळा असणं महत्त्वाचं ठरलं. बाहेरून आलेलं सर्किट तिथे जोडून बघितलं जाई आणि छापताना मथळ्याजवळ ते तपासणाऱ्याच्या नावाचा छोटा शिक्का उमटे. वर्षानुवर्षं वाचणाऱ्यांना ती नावं लेखकांच्या नावांइतकीच ओळखीची झाली.

बाजार आणि वाचक

मासिक दिल्लीचं, पण त्याचं काम पुरं व्हायचं ते बाजारात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, दिल्लीत लजपतराय मार्केट, बंगळूरमध्ये एस. पी. रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट. अंकातली यादी चिठ्ठीवर उतरवून घ्यायची आणि काउंटरवर ठेवायची. दुकानदार मागच्या छोट्या खणांतून माल काढता काढताच सांगे, हा नाही, त्याच्या जागी एसएल १०० टाका. एसएल १०० आणि त्याचा जोडीदार एसके १०० ही भारतीय बाजारातली खास जोडी. आपल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली.

ज्यांच्या गावात असा बाजार नव्हता, त्यांच्यासाठी मासिकाच्याच समूहानं ‘किट्स अँड स्पेअर्स’ हा विभाग काढला. निवडक प्रकल्पांचे सुटे भाग आणि तयार पीसीबी तिथून मागवता येत. मासिकाच्या जाहिरातींची पानंही तितक्याच बारकाईनं वाचली जात. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे, मल्टिमीटर विकणारे, पीसीबी करून देणारे, टीव्ही दुरुस्तीचे अभ्यासक्रम चालवणारे. लहान उद्योजकाला आपला पुरवठादार या पानांवर सापडे. पुढे समूहानं उद्योगाची वार्षिक निर्देशिकाही काढली. वर्षभरातले प्रकल्प एकत्र करून ‘इलेक्ट्रॉनिक्स प्रोजेक्ट्स’ या नावाचे खंडही निघू लागले. जुने अंक रद्दीत गेले तरी हे खंड राहिले. अनेक पॉलिटेक्निकांच्या ग्रंथालयांत ते आजही सापडतात, बहुधा पुठ्ठा सुटलेल्या अवस्थेत.

लिहिणारे कोण होते, हेही सांगायला हवं. बरेचसे लेखक वाचकच होते. कुणी सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपनीतला इंजिनिअर, कुणी लहान गावातला प्राध्यापक, कुणी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. शोधनिबंध छापून येण्यासाठी लागणारी पदवी आणि ओळख यांच्यापाशी नव्हती. सर्किट चालतं का, एवढीच इथली अट. चूक राहिली तर पुढच्या अंकात वाचकांची पत्रं येत आणि त्याखाली लेखकाचं उत्तर येई. चार ओळींच्या या देवाणघेवाणीत कितीतरी जणांचं शिक्षण झालं. भाषा इंग्रजी होती खरी. पण मराठी माध्यमातून आयटीआयला आलेल्या मुलालाही आकृती कळत असे, आणि यादीतलं इंग्रजी तो दुकानात रोज ऐकत असे.

रंग, संगणक आणि स्पर्धक

१५ ऑगस्ट १९८२ ला दूरदर्शनवर रंग आला आणि त्याच वर्षअखेरीच्या एशियाडनं तो घरोघरी पोचवला. रंगीत संचांचे सुटे भाग बाहेरून आणून इथे जोडणारे कारखाने भराभर उभे राहिले. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट हे सरकारी दूरसंचार संशोधन केंद्र स्थापन झालं आणि त्याच वर्षी नवं संगणक धोरण आलं. रेडिओचा परवानाही दशकाच्या मध्यापर्यंत इतिहासजमा झाला. इलेक्ट्रॉनिक्स हा आता मूठभरांचा विषय राहिला नव्हता.

साहजिकच मासिकांचीही गर्दी झाली. संगणक उद्योगासाठी ‘डेटाक्वेस्ट’ १९८२ मध्ये आलं, त्याच घरातून ‘पीसीक्वेस्ट’ १९८७ मध्ये. मुंबईतून ‘एलेक्टर’ या युरोपीय मासिकाची भारतीय आवृत्ती निघू लागली. तिच्यातली सर्किटं देखणी असत, हे तिचे स्पर्धकही मान्य करतील. या गर्दीत ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ तगलं, ते विषय बदलत राहिल्यामुळे आणि पद्धत न बदलल्यामुळे. ॲम्प्लिफायर आणि पॉवर सप्लायच्या जोडीला टेलिफोनचं जोडउपकरण आलं, व्होल्टेज स्टॅबिलायझर आलं, वीज गेली की आपोआप लागणारा दिवा आला. प्रत्येकाच्या मागे एक भारतीय गैरसोय होती आणि प्रत्येकाची बांधणी स्थानिक बाजारात होण्यासारखी होती.

दुरुस्तीच्या दुकानाला उतरती कळा

१९९१ नंतर चित्र पालटलं. आयात सोपी झाली. १९९७ मध्ये भारतानं माहिती तंत्रज्ञान वस्तूंवरच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली आणि त्यातल्या वस्तूंवरचं आयात शुल्क २००५ पर्यंत शून्यावर आणायचं कबूल केलं. वस्तू स्वस्त झाल्या, ग्राहक सुखावला. पण तीन ट्रान्झिस्टरांचा रेडिओ स्वतः बांधायला जेवढा खर्च येई, त्याहून कमी पैशात तयार रेडिओ मिळू लागला. घरी करण्यामागचं पैशाचं कारणच संपलं. दुरुस्तीचा व्यवसाय आकसला आणि देशी सुटे भाग बनवणाऱ्यांपैकी अनेकांनी गाशा गुंडाळला. हौशी वाचकावर उभं असलेलं मासिक इथेच बंद पडलं असतं तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं.

त्याला हात दिला तो इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं. महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली होती. दक्षिणेतल्या राज्यांतही अशी महाविद्यालयं वाढत गेली. दर वर्षी हजारो मुलांना शेवटच्या वर्षाचा प्रकल्प हवा असे. याच सुमारास पुसून पुन्हा लिहिता येणारे मायक्रोकंट्रोलर स्वस्त झाले. चाळीस पायांचा एटी ८९ सी ५१ हा त्यातला सगळ्यांचा लाडका. आधीच्या चिपवरचा प्रोग्राम पुसायला काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश दाखवावा लागे, इथे ते काम विजेनं काही क्षणांत होई. मासिकाच्या पानांवर आकृतीच्या शेजारी आता प्रोग्रामच्या लांबलचक ओळी छापून येऊ लागल्या. एक आकडा चुकीचा टाइप केला की सगळं ठप्प. पुढे अंकासोबत सीडी आली आणि तो त्रास वाचला.

या काळाची दुसरी बाजूही लपवण्यासारखी नाही. अंकातलं सर्किट जसंच्या तसं उचलून, बाजारातून तयार करून घेऊन, वर सोनेरी अक्षरांचं बायंडिंग चढवून परीक्षकांपुढे ठेवण्याचा उद्योग मुंबई-पुण्यातही जोरात चालला. लॅमिंग्टन रोडच्या परिसरात तयार ‘प्रोजेक्ट’ विकत मिळत. ज्या पानांनी एका पिढीला हातानं काम करायला लावलं, त्याच पानांमुळे पुढच्या पिढीतल्या काहींना ते टाळता आलं. हा दोष मासिकाचा म्हणता येणार नाही. पण त्याच्या खपाला या परीक्षांचा आधार होता, हेही खरं.

हार्डवेअरकडून लिनक्सकडे

२००३ मध्ये समूहानं ‘लिनक्स फॉर यू’ हे नवं मासिक काढलं. सर्किटवाल्यांनी सॉफ्टवेअरच्या वाटेला कशाला जावं, असा प्रश्न तेव्हा पडला असेल तर नवल नाही. पण दोन्हींचं नातं जवळचं आहे. लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली, आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रामची मूळ संहिता सगळ्यांसमोर उघडी असते. ती वाचा, बदला, चालवून बघा. पीसीबीचा आराखडा खऱ्या मापात छापणाऱ्या संपादकाला यात परकं वाटावं असं काही नव्हतं. सोबतच्या सीडीवर, नंतर डीव्हीडीवर, लिनक्सच्या निरनिराळ्या आवृत्त्या येत. घरच्या टेलिफोन लाइनवरून ६५० मेगाबाइट उतरवून घेणं ज्या काळात जवळपास अशक्य होतं, त्या काळात ही तबकडी वाचकाच्या हाती थेट पडत होती. २०१२ मध्ये मासिकाचं नाव ‘ओपन सोर्स फॉर यू’ झालं, कारण विषय एका कार्यप्रणालीपुरता उरला नव्हता.

त्यानंतर समूहाचा पसारा छपाईबाहेर वाढला: संकेतस्थळ, प्रदर्शनं, परिषदा, उद्योगातल्या खरेदी-विक्रीसाठी वेगळी प्रकाशनं. २०१९ मध्ये मूळ मासिकाला पन्नास वर्षं झाली. त्याच्याबरोबरीनं निघालेली अनेक मासिकं तोवर कधीच बंद पडली होती.

आताचा कस

२००५ मध्ये इटलीत जन्मलेल्या आर्डुइनोनं आणि २०१२ मध्ये आलेल्या रास्पबेरी पायनं हौशी कामाला पुन्हा बरे दिवस आणले. शाळकरी मुलंही आज सेन्सर जोडतात. प्रश्न माहितीच्या टंचाईचा राहिलेला नाही, उलट ती उदंड झाली आहे. पाण्याच्या टाकीच्या अलार्मचे असंख्य व्हिडिओ फोनवर मिळतील. ते करणाऱ्यांपैकी किती जणांनी तार हिरवी पडेपर्यंत वाट पाहिली, हे मात्र व्हिडिओवरून कळत नाही.

दुसरीकडे डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ७६,००० कोटी रुपयांचा सेमिकंडक्टर कार्यक्रम जाहीर केला. गुजरातेत आणि आसामात कारखाने उभे राहत आहेत. चिप बनवणाऱ्या देशाला इंजिनिअर लागतात तसेच, कदाचित त्याहून जास्त, मापं घेणारे, बिघाड शोधणारे आणि ‘असं का झालं’ म्हणून पुन्हा जोडून बघणारे तंत्रज्ञ लागतात. ती सवय एखाद्या योजनेच्या तरतुदीतून येत नाही. पाव वॉटचा रेझिस्टर जळल्याचा वास ज्यानं घेतलाय, त्याला ती लागते.

पाच दशकांचा हा हिशेब मांडल्यावर मराठीत तंत्रज्ञानाचं नियतकालिक काढू पाहणाऱ्यांना एक सुचवावंसं वाटतं. भाषा सोपी कशी करावी आणि संज्ञांना प्रतिशब्द कोणते वापरावेत यावर आपल्याकडे खूप खल होतो. तो नंतर करावा. आधी कार्यालयात एक टेबल मांडावं, त्यावर ऑसिलोस्कोप आणि सोल्डरिंग आयर्न ठेवावं, आणि त्या टेबलावर न चाललेली एकही गोष्ट छापायला जाणार नाही असा दंडक घालावा. मजकुरावरून हात फिरवायला चांगला संपादक मराठीत मिळेल. त्या टेबलाशी रोज बसणारा माणूस शोधायला आणि टिकवायला मात्र पैसे आणि चिकाटी दोन्ही लागतील. तरतूद आधी त्याच्या पगाराची करावी.